खाली बसलेलं आइस्क्रीम

ताईचा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं तिचे नातेवाईक म्हणतात, आणि ते अगदी चूक आहे. शेंड्यापर्यंत यायला थोडा तरी वेळ लागतो. ताईचा राग तिच्या आधी दारातून आत शिरतो, चपला काढत नाही आणि सरळ स्वयंपाकघरात जातो. पण तो उगीच नसतो, हेही आधीच सांगून ठेवते. ही गोष्ट ऐकून तुम्ही तिला खुशाल आग्यावेताळ म्हणा, मात्र ती चुकीचं बोलत होती असं कुणी म्हणू नका. ती एकेक शब्द बरोबर बोलत होती, आणि तिथेच सगळा घोळ झाला.

ताई गाडी चालवायला शिकवते. तिच्या गाडीला शिकवणाऱ्याच्या पायाशी दुसरा ब्रेक आहे. शिकणारा घाबरला, भांबावला, भलतीकडे वळायला लागला की ताईचा पाय पडतो आणि गाडी जागच्या जागी थांबते. मग ती शिकणाऱ्याला असं झापते की तो जन्मात ती चूक करत नाही. तिच्या हाताखाली शिकलेल्यांचे अपघात होत नाहीत, ही तिची ख्याती. आयुष्यभर तो पाय ब्रेकवर ठेवून तिचं एक पक्कं मत झालं होतं की माणसं आपणहून शहाणी होत नसतात.

तिला एक धाकटा भाऊ. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या, तेव्हा ताईने आपली एक काढून दिली. फार विचार वगैरे केला नाही. डॉक्टर समजावून सांगायला बसले तर म्हणाली, समजावणं नंतर करा, तारीख सांगा. धाकटा जगला. पण परकी किडनी अंगाने हाकलून लावू नये म्हणून त्याला जी औषधं रोज घ्यावी लागतात, ती त्याची रोगाशी लढायची ताकदच दाबून टाकतात. तुम्हाआम्हाला ज्याने नुसतं पोट बिघडेल, त्याने तो थेट इस्पितळात पोचायचा, आणि बरोबर ताईची किडनीही. त्यामुळे ती त्याच्या घरी गेली की भावाची चौकशी करावी तशी किडनीची चौकशी करायची. पाणी किती प्यायलास, रंग कसा होता, वेळेवर गोळी घेतलीस का. भावजय बाजूला उभी राहून ऐकायची. तिला कुणी काही विचारायचं नाही.

आता आइस्क्रीमचं ऐका. या घराला आइस्क्रीमचं वेड पहिल्यापासून, आणि खाण्याची तऱ्हाही यांची यांनाच ठाऊक. मोठा डबा आणायचा, तो टेबलावर उघडा ठेवायचा, आणि चांगला लोण्यासारखा मऊ होईपर्यंत गप्पा हाणायच्या. कडक आइस्क्रीम खाणं म्हणजे यांच्या मते भिंत चाटणं. मऊ झालं की चौघांचे चार चमचे त्याच डब्यात. चाटलेला चमचा पुन्हा आत, उरलं ते पुन्हा फ्रीजरमध्ये, दुसऱ्या दिवशी पुन्हा टेबलावर. वर्षानुवर्षं हे चाललं आणि कुणाला काही झालं नाही. ‘कुणाला काही झालं नाही’ हे या घराचं आवडतं वाक्य, आणि ताईच्या तळपायाची आग मस्तकात जाते ती नेमकी याच वाक्याने.

किडनी बसवल्यावर ताईने पहिला डबा केरात घातला. तिने डॉक्टरांना विचारून घेतलं होतं. थंडीत जंतू मरत नाहीत, झोपतात. आइस्क्रीम वितळलं की जागे होतात, दूध-साखरेवर पोसून वाढतात, आणि पुन्हा गोठवलं की सगळा वाढलेला गोतावळा परत झोपतो. दिसायला दगड, आत जत्रा. म्हणून धाकट्यासाठी मोठा डबा बंद. लहान, सीलबंद, आरपार दिसणारे कप, ताई स्वतः आणणार, तिच्या गाडीच्या वर्गाशेजारच्या दुकानातून, जिथला फ्रीजर तिने हात घालून पाहिलाय. कप फ्रीजरच्या दारात ठेवायचा नाही, आत मागे ठेवायचा. उघडला की तिथेच संपवायचा, उरला तर फेकायचा. वितळलेला पुन्हा गोठवायचा नाही. आणि गोळ्यांनी त्याची साखर वाढते, म्हणून एक दिवसाआड एकच कप.

नियम चांगलेच होते. पण ते सांगण्याची रीत म्हणजे वरातीत तोफ. एकदा भावजयीने ओट्यावर राहिलेलं दूध तापवून धाकट्याला दिलं आणि साधेपणाने तसं ताईला सांगितलं. झालं. ताईने तिला उभं-आडवं घेतलं, मग आईला घेतलं, मग फोनवरून मावशीला आणि आत्याला ही हकीकत सांगितली, आणि पुढे महिनाभर भावजयीशी बोलली नाही. जे काही सांगायचं ते धाकट्यामार्फत. धाकट्याला काही झालं नव्हतं. भावजयीला मात्र झालं होतं, पण ते तपासायचं यंत्र कुणाकडे नव्हतं.

तेव्हापासून ताई दर रविवारी यायची आणि फ्रीज उघडायची. केराचा डबाही उघडायची. हसू नका, खरंच उघडायची.

त्या रविवारी ती नव्या कपांची पिशवी घेऊन आली. आई खुर्चीत भाजीसाठी शेंगा सोलत होती. भावजय ओटा पुसत होती, पुसलेलाच पुन्हा पुसत होती. धाकटा कोचावर पांघरूण घेऊन बसला होता. ताईने कप किती उरले म्हणून विचारलं. धाकटा म्हणाला, “खाल्ले.”

ताईने त्याच्या कानांकडे पाहिलं. हा लहानपणापासूनचा हिशेब. धाकट्याला ताईसमोर खोटं बोलता येत नाही, तोंड उघडायच्या आत त्याचे कान लालबुंद होतात. शाळेत असताना खिडकीची काच कुणी फोडली इथपासून लग्न कुणाशी ठरवलंय इथपर्यंत सगळं तिने त्याच्या कानांवरून वाचलं. आज कान पांढरे होते. म्हणजे खरंच खाल्ले. मग तिने त्याला खादाडपणाबद्दल सुनावलं. अजून दोन-तीन दिवस पुरायला हवे होते, साखर काय म्हणेल, लहान आहेस का, किडनी काय झाडाला लागते. धाकटा मान खाली घालून ऐकत होता. एरवी तो तिला चिडवून हसवायचा. आज त्याने पांघरूण आणखी वर ओढून घेतलं.

ताई कप ठेवायला गेली. फ्रीजर उघडला, मागे जागा करायला मटारची पिशवी ओढली, तर ती वीट होती. सुटे मटार एकमेकांना चिकटून एक अखंड ठोकळा झाला होता. त्या विटेच्या मागे एक जुना कप होता, विसरलेला. ताईने तो उजेडात धरला. झाकणाखालचा चंदेरी कागद जसाच्या तसा, सील शाबूत, आणि आत आइस्क्रीम दोन बोटं खाली बसलेलं. वरच्या बाजूला बर्फाचे काटे, तळाशी पिवळट, घट्ट, दगडासारखा थर.

पहिल्यांदा तिच्या मनात आलं की कुणीतरी खाल्लंय. मग तिचं तिलाच कळलं की सील न फोडता खाणारा अजून जन्माला यायचाय. आइस्क्रीममध्ये निम्मी हवा असते. ते वितळलं की हवा निघून जाते आणि आइस्क्रीम बसतं. पुन्हा गोठवलं तरी ते परत फुगत नाही. हा कप पूर्ण पाणी झाला होता आणि मग पुन्हा गोठला होता. आणि याच्या बरोबरचे बाकीचे कप धाकट्याच्या पोटात होते.

ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. कप हातात. फ्रीज कधी बंद होता, एवढंच तिने विचारलं, आणि तिचा आवाज इतका खाली होता की आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. ताईचा चढलेला आवाज सगळ्यांच्या ओळखीचा होता. हा आवाज कुणी ऐकला नव्हता.

आई म्हणाली, लाईट गेली असेल मध्ये. भावजय म्हणाली, हो, गेली होती वाटतं थोडा वेळ. मग मात्र ताईचा आवाज मूळपदावर आला. थोड्या वेळात मटारची वीट होते होय? मी काय काल जन्मले? माझी अक्कल गहाण पडलीय असं वाटतं का तुम्हाला? कधी गेली लाईट, किती वेळ गेली, त्यानंतर यातले किती कप त्याने खाल्ले? ती जितकी विचारत गेली तितकी त्या दोघींची तोंडं शिवल्यासारखी झाली. आई तर खाली पाहून शेंगा सोलत राहिली, सोललेल्या शेंगाही पुन्हा सोलायला लागली.

तेवढ्यात कोचावरून कसलातरी आवाज आला. धाकट्याचे दात वाजत होते. पांघरुणासकट सगळा कोच हलत होता. ताईने कपाळाला हात लावला आणि तसाच मागे घेतला. ताप होता, आणि तो आत्ताचा नव्हता. सकाळपासून अंगात होता आणि पांघरुणाखाली लपवून ठेवला होता.

इस्पितळापर्यंत गाडी ताईने चालवली. नियम सोडून एकही गोष्ट केली नाही, सगळे दिवे पाळले, पण तोंड अखंड चालू होतं. मागे धाकटा आईच्या खांद्यावर डोकं टाकून कुडकुडत होता, आणि भावजय त्याचा हात घट्ट धरून बसली होती.

इस्पितळात किडनीच्या डॉक्टरीणबाई होत्या. लहानखुऱ्या, चष्मेवाल्या, घाई न करणाऱ्या. त्यांनी धाकट्याला आत घेतलं, रक्त काढायला सांगितलं, आणि बाहेर येऊन तिघींसमोर उभ्या राहिल्या. म्हणाल्या की अशा पेशंटच्या रक्तात एखादा जंतू शिरला तर तो कोणता हे तपासणीतून कळायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ आपल्याकडे नाही. औषध आत्ता सुरू करायचंय. पण सगळी औषधं सगळ्या जंतूंवर चालत नाहीत. अन्नातून जे शिरतात, त्यातल्या काहींवर आमचं नेहमीचं औषध मुळीच लागू पडत नाही. म्हणून मला नीट सांगा, गेल्या काही दिवसांत त्याने काय खाल्लं, कुठे खाल्लं, ते कसं ठेवलेलं होतं.

ताईने वितळलेल्या कपाचं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, किती वेळ वितळलेलं होतं?

ताईने मान वळवून दोघींकडे पाहिलं. आई म्हणाली, लाईट गेली होती थोडा वेळ. तेच वाक्य, तशीच मान खाली.

“थोडा म्हणजे?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

आणि इथे ताईचा बांध फुटला. त्या स्वच्छ, पांढऱ्या, औषधाच्या वासाच्या बोळात, येणारी-जाणारी माणसं थांबून बघत असताना, तिने त्या दोघींना फाडून खाल्लं. तिकडे तो मरायला टेकलाय आणि तुम्ही तोंडात गुळणी धरून बसलाय. तुमच्या आळसापायी, तुमच्या निष्काळजीपणापायी. मी काय यासाठी पोट फाडून दिली का? माझी आहे ती किडनी, माझी, आणि तुम्हाला ती चार कप नासक्या आइस्क्रीमपासून वाचवता येत नाही.

भावजय उठून उभी राहिली. या बाईने लग्न होऊन आल्यापासून ताईसमोर कधी ब्र काढला नव्हता. तिचा आवाज साफ होता.

“किडनी तुमची आहे ताई,” ती म्हणाली. “नवरा माझा आहे.”

ताई काही बोलणार, तेवढ्यात तिने हातानेच थांबवलं आणि डॉक्टरीणबाईंकडे वळून सगळं सांगून टाकलं. लाईट गेलीच नव्हती. ते तिघं मावशीकडे राहायला गेले होते. धाकट्याला दोन वर्षांत इस्पितळाखेरीज उंबरा ओलांडता आला नव्हता, त्याला एकदा कुठेतरी जायचं होतं, आणि ताईला विचारलं असतं तर ती गर्दीचं आणि जंतूंचं पुराण लावून नाही म्हणाली असती, म्हणून तिला न सांगता गेले. घर बंद करताना आईने सवयीप्रमाणे भिंतीतली प्रत्येक पीन काढली. शेजारच्यांचं घर एकदा इस्त्री चालू राहून जळलं होतं, तेव्हापासूनची तिची ही सवय, आणि पूर्वी गावाला जाताना फ्रीज आधी रिकामा करायचे, म्हणून चालून जायचं. या वेळी तो भरलेला होता हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. परत आले तर फ्रीजखाली तळं. आत सगळं कोमट. दोन रात्री आणि दोन दिवस फ्रीज बंद होता. दूध, भाजी, सगळं टाकलं, नवं आणून ठेवलं, ओलं पुसलं. फ्रीजरमधले मटार आणि कप तेवढे राहिले, कपांचं पाणी झालं होतं. पीन लावल्यावर ते पुन्हा गोठले.

“मी टाकायला निघाले होते,” भावजय म्हणाली. “तोच म्हणाला, राहू दे.”

का, म्हणून डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

भावजयीने आता ताईकडे पाहिलं. “कारण तुम्ही रविवारी विचारणार, कप कुठे गेले. आई घाबरली होती, रडत होती, माझ्यामुळे झालं म्हणत होती. ताईला कळलं तर ती मला घरातच राहू द्यायची नाही, असं काहीबाही बोलत होती. आणि त्याला तुमच्यासमोर खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात. तो म्हणाला, आता थंडगार झालेत की परत, काय होतंय, कुणाला काही झालंय का आजवर. मी खाऊन टाकतो, म्हणजे ‘खाल्ले’ म्हटलं की ते खरंच असेल.”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा सारखा केला, किती कप आणि कोणत्या दिवशी ते विचारून घेतलं, आणि आत जाता जाता नर्सला औषध बदलायला सांगितलं. हे वेळेवर सांगितलंत, एवढं म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या ते कळलं नाही.

ताई भिंतीला टेकली. तिच्या अंगात राग होताच, जराही कमी झाला नव्हता, फक्त कुणावर काढायचा ते समजेना. आईवर काढावा तर आई तिथे बाकावर एवढीशी होऊन बसली होती, हातात अजून एक शेंग, घरून तशीच मुठीत आलेली. भावजयीवर काढावा तर तिनेच आत्ता तोंड उघडून काम केलं होतं. धाकट्यावर काढावा म्हटलं, गाढवा, म्हणावं, माझ्या भीतीने विष खाल्लंस? पण तो आत होता, हाताला सुया लावलेल्या. आणि ‘माझ्या भीतीने’ हे शब्द मनात आले तशी ती तिथेच थांबली. आख्खं आयुष्य दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसलेल्या बाईला पहिल्यांदा कळलं की तिच्या शेजारी बसलेल्या माणसांनी गाडी चालवणंच सोडून दिलं होतं, फक्त तिच्या पायाकडे बघत बसली होती.

पण म्हणून ती विरघळली असं समजू नका. ताई ती ताई. ती आईसमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, “मी रागावणारच. मला दुसरं येत नाही. पण आधी सांगायचं, मग मी रागावेन. राग कितीही आला तरी तो ऐकून घ्यायचा, त्याने कुणी मरत नाही. न सांगण्याने मरतं. कळलं?”

आईने मान हलवली. तेव्हा ताईने तिच्या मुठीतली शेंग काढून घेतली, सोलली आणि दाणे तिच्या हातावर ठेवले. आईला भूक नव्हती. तरी तिने ते खाल्ले.

धाकटा वाचला. औषध बरोबर लागू पडलं, ताप उतरला, दिवसांमागून दिवस गेले आणि तो घरी आला. पण किडनीला या तापाचा धक्का बसला तो बसलाच. काम करते, पण पूर्वीसारखी नाही. डॉक्टरीणबाई प्रत्येक वेळी कागदावरचा आकडा पाहतात आणि ‘ठीक आहे’ म्हणताना थोडं थांबतात. त्या थांबण्याचा अर्थ घरात सगळ्यांना माहीत आहे. पुढेमागे पुन्हा कुणाची तरी लागेल, आणि ताईकडे द्यायला आता आणखी नाही. हे तिला कुणी सांगू नये, तिला रात्रंदिवस तेच दिसतं. चार कप आइस्क्रीम. कुणी हसून सोडून द्यावं असं कारण, आणि तेवढ्यासाठी तिचं दिलेलं निम्मं वाया गेलं. आठवलं की तिच्या डोक्यात आजही तिडीक जाते, आणि जायलाच हवी.

रविवारी ती अजूनही जाते. फ्रीज उघडत नाही. उघडत नाही म्हणजे हात शिवशिवतो, एकदा तर तिने तो चक्क पाठीमागे धरून ठेवला, हे भावजयीने पाहिलं. भावजयच आता स्वतःहून फ्रीज उघडते आणि सांगते, हे ताजं, हे कालचं, हे टाकणार. ताई ऐकते. तिच्या कपाळावरची शीर उडत असते.

मग एक दिवस दुपारी ताई शिकवत होती. शिकणारा एक थुलथुलीत कारकून होता, वळणावर दर वेळी डोळे मिटणारा. तेवढ्यात फोन वाजला. आई होती. आई दुपारी कधी फोन करत नाही. ताईने ब्रेक दाबला, गाडी रस्त्याच्या कडेला थांबली आणि कारकुनाने सवयीने डोळे मिटले.

“अगं, ऐक,” आई म्हणाली. तिचा आवाज कापत होता. “मी सकाळी मिक्सर लावायला फ्रीजची पीन काढली, आणि परत लावायला विसरले. आत्ता बघितलं. कप मऊ झालेत. पाणी नाही झालं, पण मऊ झालेत. त्याने खाल्ले नाहीत. मी सगळे टाकले. आधी टाकले आणि मग तुला फोन केला.”

ताईने डोळे मिटले. आतून तो नेहमीचा लोंढा वर आला, घशापर्यंत, दातांपर्यंत. पीन काढायचीच कशाला, मिक्सरला दुसरी जागा नाही का, किती वेळा सांगितलं, इतकी वर्षं झाली, अक्कल कधी येणार. सगळं तोंडात तयार होतं. पलीकडून आईचा श्वास ऐकू येत होता. ती थांबली होती. फोन ठेवत नव्हती.

“रागव ना,” आई म्हणाली. “मी ऐकतेय.”

आणि ताई रागावली. गाडीच्या काचा बंद होत्या तरी रस्त्यावरची माणसं वळून पाहायला लागली. पिनेवरून मिक्सरवर गेली, मिक्सरवरून विसरभोळेपणावर, विसरभोळेपणावरून माणसाने आपल्या आईची काळजी किती करावी यावर. आणि मध्येच कुठेतरी तिचा आवाज फाटला, आणि ती रागावत होती की रडत होती ते तिचं तिलाही कळेना. कारकून शेजारी स्टिअरिंग घट्ट धरून समोर बघत बसला होता. आईने एक शब्द मध्ये घातला नाही. पार शेवटपर्यंत, ताईचा श्वास संपेपर्यंत, तिने फोन कानाला धरून ठेवला.

“झालं?” आईने विचारलं.

“झालं,” ताई म्हणाली.

“मग येताना नवे कप आण. तो विचारतोय.”

ताईने डोळे पुसले, फोन ठेवला आणि कारकुनाला गाडी सुरू करायला सांगितलं. पुढचं वळण त्याने उघड्या डोळ्यांनी घेतलं. दुकान वाटेतच होतं.